कार्डावरची तीन माणसं

"घरी किती माणसं?" हा प्रश्न माझ्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आतच ती डाव्या हाताची तीन बोटं खिडकीच्या गजांमधून आत घालायची. नुसती वर करायची नाही. आत घालायची, मला जवळून मोजता यावीत म्हणून. बोटांना कापसाचे तंतू चिकटलेले असत. "तीन," ती म्हणायची. "लिवा बाई, तीन." आणि माझं लिहून होईपर्यंत ती बोटं तशीच माझ्या दौतीसमोर उभी.

पोरांनो, तुमच्यापैकी धाकटा परवा फोनवर फार चिडला होता. नव्या शहरात जाऊन त्याला पंधरा दिवस झाले होते. अंगात ताप घेऊन तो तिथल्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला गेला, तर त्यांनी पत्त्याचा पुरावा मागितला. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, बँकेचं पत्र अजून यायचं होतं. "आजी, मी इथं राहतो हे सिद्ध कसं करायचं? मी तर त्यांच्यासमोर उभा होतो," असं तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती तीन बोटं आली. त्याला मी शेजाऱ्याचं पत्र घे एवढंच सांगितलं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते आहे. तिचं नाव मात्र लिहीत नाही.

तुमचे बाबा तेव्हा जन्मायचे होते. आजोबा मलकापूरला शाळेत शिकवत, आणि मी तिथल्या एका लहानशा सार्वजनिक दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसत असे. तो दवाखाना आता नाही. त्या जागी दुकानांची रांग झाली आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई खिडकीत बसून रोग्यांची नावं लिहिते, याचं गावाला नवल वाटे. मला वाटत नसे. मला वह्या आवडत. समास सोडून, एका शाईनं, एका वळणाचं अक्षर काढलं की मला दिवस चांगला गेल्यासारखा वाटे.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षंच झाली होती. माझ्या मोठ्या नोंदवहीवर छापलेलं होतं मध्यप्रदेश, त्यावर मुंबई राज्याचा रबरी शिक्का, आणि त्या शिक्क्यावर मी स्वतः खळ लावून चिकटवलेली चिठ्ठी: महाराष्ट्र. गाव जागचं हललं नव्हतं, तरी थोड्याच वर्षांत त्यानं तीन राज्यं पाहिली होती. आम्हाला कुणी रहिवासाचा पुरावा मागितला नव्हता.

छातीच्या आजारावरची औषधं तेव्हा नुकतीच फुकट मिळू लागली होती. इंजेक्शनं आणि गोळ्या, दीड वर्ष चालणारा उपचार. लोक महिनाभर गोळ्या घेत, खोकला थांबला की गाव सोडून जात, आणि आजार पुन्हा उलटे. म्हणून आमच्या दवाखान्याचा नियम असा, की जो गावात कायम राहतो त्याचंच नाव त्या आजाराच्या वहीत चढवायचं. नाव चढलं की औषध त्या नावावर येई. नाव नाही तर औषध नाही. मग खोकल्याचं लाल पाणी तेवढं बाटलीत भरून द्यायचं. नियम वाईट नव्हता. आजही मी तो वाईट म्हणणार नाही.

संक्रांत होऊन गेली होती. ती डॉक्टरांच्या खोलीतून एक चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीपाशी आली. पन्नाशीची, उंच, वाळलेली, कपाळावर फक्त हिरवं गोंदण. मागे एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, ठसठशीत कुंकू लावलेली, तोंडावर पदर धरून खोकत होती. चिठ्ठी मुलीची होती. मला वाटलं लेक असेल, पण ती सून होती.

दोघी जानेफळजवळच्या एका लहान गावातून दिवाळीच्या आधी मलकापूरला आल्या होत्या. इथं कापसाच्या जिनिंगवर काम मिळतं हे ऐकून. गाड्यांमधून उतरलेल्या कापसातला पिवळा, किडका कापूस निवडून बाजूला करायचा, हे काम. राहायला जिनाच्या आवारातच पत्र्याची एक पडवी होती.

मी विचारलं, राहणार कुठले? इथलेच, ती म्हणाली. मी पुरावा मागितला. तो शब्द तिला कळला नाही, म्हणून मी समजावून सांगितलं, की तुम्ही इथं राहता हे दाखवणारा कागद हवा. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"मी हाये नं इथं," ती म्हणाली.

हे वाक्य मी पुढे कितीतरी वेळा ऐकलं. मी कुठलाही कागद मागितला की तिचं हेच उत्तर. त्यात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच वाटे, की माणूस समोर उभं असताना कागद कशाला.

तरी ती कागद शोधत फिरली, हेही सांगायला हवं. जिनाच्या दिवाणजींकडे गेली. त्यांनी लिहून द्यायला नकार दिला. पडवी कापसासाठी होती, तिथं माणसं राहतात हे कागदावर यायला नको होतं. वॉर्डाच्या मेंबरांकडे गेली. ते म्हणाले, माझ्या यादीत तुझं नाव नाही, मी तुला ओळखत नाही. मग तिनं पडवीतल्या शेजारणीला माझ्यासमोर आणून उभं केलं. शेजारीण शपथ घ्यायला तयार होती, पण तिच्याजवळही कागद नव्हता. एकदा तर ती मलाच म्हणाली, "चाला, मी दाखवतो कुठं झोपतो ते." तिच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, हसू नका. मी काही खिडकी सोडून गेले नाही. जिन दवाखान्यापासून पाच मिनिटांवर होतं.

आणि एका सकाळी तिनं खिडकीच्या फळीवर एक वांगं ठेवलं. जांभळं, काटेरी देठाचं, ताजं तोडलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"पुरावा," ती म्हणाली. शब्द आता तिला येत होता. "आलो तवा पडवीमांगं रोप लावलं होतं. त्याले आता वांगे आले. झाड एका दिवसात तं येत नाही बाई."

आमचे कंपाउंडर औषधाच्या खोलीतून हसत बाहेर आले. वयस्कर मुसलमान गृहस्थ, सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. मीही हसले. म्हटलं, मावशी, वांग्यावर शिक्का नसतो.

"शिक्का तं बैलावर बी नसते," ती म्हणाली. "तरी सारे ओयखतात का कोनाचा हाये तं."

चाचांनी ते वांगं उचललं आणि म्हणाले, पुरावा दाखल करून घेतो. दुपारी त्यांनी ते खरंच भाजून भाकरीबरोबर खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "बाई, रोजच येता. इथंच एक खाट टाकून देऊ काय तुमाले?"

"टाका नं चाचा. मंग तरी ह्या बाई लिवतीन मले इथली."

अशी ती हजरजबाबी होती. रांगेतल्या बायकांना तिच्यामुळे वेळ जड जात नसे. सुनेला मात्र ती सतत रागे भरायची. पदर छातीवर घे, वारं लागते. थंड पाणी काऊन पेली? दवाखान्याच्या पायरीवर बसून ती सुनेचे केस विंचरायची, आणि विंचरताना एवढ्या जोरानं फणी ओढायची की मुलगी "आत्याबाई, हळू" म्हणायची आणि हसायची. हसली की खोकला यायचा.

सुनेचं खोकणं वाढत चाललं होतं. ती चालताना आता भिंतीचा आधार घेऊ लागली होती.

मला एक मार्ग ठाऊक होता आणि तो मी तिला फार उपकार केल्यासारखा सांगितला. त्या काळी साखर, धान्य रेशनच्या कार्डावर मिळे. मी म्हटलं, तुमच्या गावी तुमचं कार्ड असेल. तिथल्या कचेरीत जाऊन नावं कमी करून घ्या आणि तसा दाखला आणा. तो दाखला दाखवला की मलकापूरचं नवीन कार्ड आठवड्यात होईल. ते कार्ड म्हणजे पक्का पुरावा. मी त्याच दिवशी नाव चढवीन.

मला वाटलं होतं ती आशीर्वाद देईल. तिनं गजांवरचे हात काढून घेतले आणि ती निघून गेली.

त्यानंतर आठ-दहा दिवस ती खिडकीकडे फिरकली नाही. सून एकटी येई, लाल पाण्याची बाटली भरून घेई आणि जाई. दाखल्याचं काय झालं असं मी तिला विचारलं, तर तिनं मान खाली घातली आणि आत्याबाईला विचारा म्हणाली. मग मी मनाशी एक उत्तर तयार केलं. तीन माणसांची साखर मिळत असणार, ती सोडवत नसेल. मुलगा गावी बसून कार्डावर सगळं उचलत असेल. असं मी ठरवून टाकलं. शिकलेल्या माणसाला ठरवायला फार वेळ लागत नाही.

पुढे ती आली तेव्हा मी रांग थांबवून तिला सुनावलं. तुमचा मुलगा कुठे असतो? गावी, ती म्हणाली. मग त्याला सांगा दाखला आणायला, दोन दिवसांचं काम आहे. तो नाही येत, ती म्हणाली. तेव्हा मी आवाज चढवून विचारलं, की बायको इतकी आजारी आणि नवऱ्याला एस.टी.त बसून यायला होत नाही, हा कसला नवरा?

सून तिच्या मागेच उभी होती. ती वळली आणि पायऱ्या उतरून बाहेर गेली.

सासू मात्र तिथंच उभी राहिली. तिनं रांगेतल्या बायकांना हातानं जरा मागे सरायला सांगितलं, आणि गजांच्या अगदी जवळ तोंड आणलं.

"बाई, तो नाही," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. विहिरीच्या कामावर होता. सुरुंग उडाला तवा सारे पयाले, तो बी पयाला. दगड मांगून आला."

मी विचारलं, मग कार्डावर?

"कार्डावर हाये."

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. मुलाचा फोटो कधी काढला नव्हता. शाळेत तो गेला नव्हता, म्हणून शाळेच्या पटावर नव्हता. शेत नव्हतं, म्हणून तलाठ्याच्या कागदावर नव्हता. त्याचं नाव लिहिलेली जगात एकच जागा होती, ते कार्ड. वर तिचं नाव, मध्ये त्याचं, खाली सुनेचं. तिला वाचता येत नव्हतं, पण मधली ओळ कुठली ते तिला ठाऊक होतं. महिन्यातून एकदा दुकानदार कार्ड हातात घेऊन तिन्ही नावं मोठ्यानं वाची आणि साखर मोजी. ते ऐकायला ती जाई. तिसऱ्या माणसाची साखर ती घरी नेत नसे. बाभळीखाली मुंग्यांना घालत असे. मलकापूरला आल्यापासून तेही बंद झालं होतं, पण कार्ड तिनं बरोबर आणलं होतं. सुनेनं कुंकू ठेवावं असंही तिनंच सांगितलं होतं. परकं गाव, जिनाचं आवार, तरुण बाई. कुंकू असलेलं बरं. आणि कार्डावर नवरा आहे, तर कपाळावर का नसावा, असंही तिचं म्हणणं.

दाखला आणायचा म्हणजे कचेरीत जाऊन तिघांचं काय ते सांगावं लागणार होतं. दोघींची नावं मलकापूरला जातील. तिसरा कुठे जाणार?

"माह्या तोंडानं सांगू का त्यायले, काढा म्हणून?" तिनं विचारलं.

पोरांनो, तुमची आजी अशा वेळी काय बोलली, ते लिहायचं म्हणून मी हे पान दोनदा बाजूला ठेवलं. मी म्हणाले, मावशी, मयताचं नाव कार्डावर ठेवणं हा गुन्हा आहे. ते तर तुम्ही आधीच कमी करायला हवं होतं.

"हाव," म्हणजे हो, एवढंच ती म्हणाली आणि बाजूला झाली, मागच्या बाईला पुढे येता यावं म्हणून.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे सगळं लिहिणं खोटं होईल. वहीत शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात 'पुरावा नंतर सादर होईल' असं लिहून नाव चढवता येत असे. आदल्याच पावसाळ्यात मी तसं केलं होतं. गावातल्या एका वकिलांकडे धामणगाव बढ्याहून नवीन स्वयंपाकीण आली होती. तिच्या खोकल्यासाठी वकिलांच्या पत्नी स्वतः आल्या, माझ्या टेबलाशी खुर्चीवर बसल्या, आणि मी तो शेरा लिहिला. त्या बाईचा पुरावा नंतर कधीच सादर झाला नाही. मी विचारलाही नाही. ह्या दोघींसाठी तो रकाना मला आठवला नाही असं म्हणावं, तर मी तो रोज पाहत होते. डॉक्टरांनीही एकदा जाता जाता विचारलं होतं, काही करता येतं का बघा. मी नियम सांगितला. वही तुमची, असं म्हणून ते पुढे गेले. ओळखीचं माणूस खुर्चीवर बसलं की तो शेरा मला सोय वाटे, आणि गजांपलीकडे उभं असलं की पळवाट. हे मला तेव्हा दिसलं नाही.

दोन दिवसांनी ती आली. तिला दाखला नको होता, माझ्याकडून माहिती हवी होती. नाव काढतात म्हणजे नेमकं काय करतात? मी म्हटलं, नावावर रेघ मारतात आणि बाजूला सही करतात. कोणत्या शाईनं? बहुतेक तांबड्या. तिनं थोडा विचार केला.

"रेघ मारली तरी खालचं नाव दिसते नं?"

दिसतं की, मी म्हणाले. मी स्वतः एका जुन्या कागदावर एक शब्द लिहून, त्यावर रेघ मारून तिला दाखवला. तिनं कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग ती म्हणाली, मंग जातो.

सुनेला शेजारणीकडे ठेवून ती बुलढाण्याच्या गाडीनं गेली. बुलढाण्याहून चिखली, चिखलीहून मेहकर, मग जानेफळ. चार दिवसांनी परत आली ती थेट खिडकीवर. कमरेच्या पिशवीतून तिनं दाखला काढला. दोन नावं स्थलांतर म्हणून, एक नाव मयत म्हणून. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित होतं. मी वाचलं आणि म्हटलं, छान झालं मावशी. आणि जुनं कार्ड?

"ते त्यायनं ठेवून घेतलं," ती म्हणाली. "नवं भेटन म्हणे."

मला ते ठाऊक असायला हवं होतं. जुनं कार्ड कचेरीत जमा होतं, हातात मिळत नाही. मी स्वतः सरकारी कागदांत बसलेली बाई. पण तिनं विचारलं ते शाईबद्दल, आणि मी उत्तर दिलं ते शाईबद्दल.

"तुमी म्हणलं होतं नाव खाली दिसन," ती म्हणाली. तक्रार नव्हती. जणू मलाही ऐकून वाईट वाटेल अशी एक बातमी ती मला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सून कपाळ मोकळं घेऊन इंजेक्शनच्या रांगेत येऊन बसली. मलकापूरचं कार्ड व्हायचं होतं, पण दाखला पाहून मी नाव चढवलं. चिठ्ठी आल्या दिवसापासून नाव चढेपर्यंत सात आठवडे गेले होते. मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात ते लिहिलं. मला अजूनही लाज वाटते ती त्या चांगल्या अक्षराची.

पहिला महिना बरा गेला. सुनेला भूक लागू लागली. चाचा तिला चिडवायचे, की आता तूच सासूले विंचर. एकदा तिनं खरंच पायरीवर बसून सासूचे पांढरे केस विंचरले, आणि सासू "हळू ना वं, काय सूड घेतं का" म्हणून ओरडली. रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. मी खिडकीतून पाहत होते. मला वाटलं, झालं, सुटलो.

उन्हाळ्यात जिन बंद झालं. कापूस निवडणाऱ्या बाकीच्या बायका आपापल्या गावी परत गेल्या. ह्या दोघी राहिल्या. औषध इथं आहे म्हणून ती दोन घरची धुणीभांडी धरून राहिली. आमचा नियम ज्या गोष्टीला भीत होता, ती गोष्ट तिनं केली नाही. एकही इंजेक्शन चुकवलं नाही, एकही गोळी वाया घालवली नाही.

वैशाखात एका सकाळी मुलीला रक्ताची उलटी झाली. चाचा आणि मी दोघंही पळत पडवीत गेलो. तेव्हा मी ती पडवी पहिल्यांदा पाहिली. मागे वांग्याचं झाड होतं, उन्हानं करपलेलं. दुपारपर्यंत सगळं संपलं.

मी नंतर डॉक्टरांना विचारलं, सात आठवडे आधी सुरू केलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. छातीच्या दोन्ही बाजू आधीच गेल्या होत्या, पण वय कमी होतं. सांगता येत नाही. त्यांना तेव्हा सांगता आलं नाही, आणि मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. मी रोज ठरवत असते असंही नाही. पण ताक घुसळताना, दार लावताना, कधीही ते सात आठवडे येऊन समोर बसतात.

बारा-तेरा दिवसांनी ती खिडकीवर आली. उरलेल्या गोळ्यांची पुडी तिनं फळीवर ठेवली. कोनाच्या तरी कामी येतीन, म्हणाली. मला वाटलं तेवढ्यासाठी आली आहे. पण ती गेली नाही. दुपारची वेळ होती, रांग नव्हती. मी बाहेर येऊन तिच्याजवळ पायरीवर बसले. खिडकीच्या त्या बाजूला मी पहिल्यांदाच बसत होते.

"बाई, एक अर्ज लिवून द्या," ती म्हणाली.

कशाचा, मी विचारलं.

"त्याचं नाव परत घ्या म्हणून. कार्डावर."

तिला वेड लागलं नव्हतं. ती नेहमीसारखीच सरळ बसली होती आणि सरळ बोलत होती. तिचा हिशेब साधा होता. मुलाचं नाव तिनं सुनेसाठी दिलं होतं. सून तर राहिली नाही. मग ज्यासाठी दिलं ते झालं नाही, तर दिलेलं परत मिळायला हवं. कचेरीतल्या माणसांना हे नीट लिहून कळवलं तर ते ऐकतील, कारण तेही माणसंच आहेत, आणि नीट लिहिणारी तिच्या ओळखीची मी एकटी होते.

असा अर्ज करता येत नाही, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मयत म्हणून काढलेलं नाव पुन्हा घ्यायचा कुठलाही नियम नाही, कुठलाही नमुना नाही. हे तिला सांगणं माझं काम होतं. आतापर्यंत मी तिला फक्त नियमच सांगितले होते.

मी आत जाऊन एक कोरा, चांगला कागद आणला. मांडीवर वही घेऊन तिथंच पायरीवर लिहायला बसले. वर कचेरीचा पत्ता, मग विषय, मग तिचं नाव, गाव, तालुका. मुलाचं नाव तिनं सांगितलं तसं लिहिलं, आणि तिनं पुन्हा वाचायला सांगितलं तेव्हा मोठ्यानं वाचलं. ती ऐकत होती. अर्जात कारण लिहावं लागतं. मी थांबले.

"कारण काय लिहू, मावशी?"

तिला विचार करावा लागला नाही.

"लिवा," ती म्हणाली, "नाव काढल्याचा काही उपेग झाला नाही."

मी ते वाक्य तसंच लिहिलं. एक शब्दही सुधारला नाही. आयुष्यात मी पुष्कळ अर्ज लिहिले, मराठीत आणि इंग्रजीत. त्यापेक्षा खरं वाक्य मी कुठल्याही अर्जात लिहिलेलं नाही.

खाली तिचा अंगठा घ्यायचा होता. मी आतून शाईची गादी आणली. तिनं उजवा अंगठा गादीवर दाबला आणि मग कागदावर इतका वेळ टेकवून ठेवला, की मला हळूच तिचा हात उचलावा लागला.

त्याच दुपारच्या गाडीनं ती निघाली. मी खिडकी बंद करून तिच्याबरोबर स्टँडवर गेले. नोकरीत असताना वेळेआधी खिडकी बंद केल्याचा तो एकच दिवस. परत कधी येणार असं मी विचारलं, तर म्हणाली, ते कवा नाव घेतात त्याच्यावर हाये. ती परत आली नाही. कचेरीत तिला काय सांगितलं, कुणी तो कागद वाचला की नाही, ते मला कधीच कळलं नाही. जानेफळकडून कुणी दवाखान्यात आलं की मी विचारत असे, पण तिच्या लहानशा गावचं कुणी कधी भेटलं नाही, आणि नावाशिवाय माझ्याजवळ दुसरी खूण नव्हती.

गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. अर्जाची घडी तिनं डाव्या हातात धरली होती. उजवा हात खिडकीबाहेर, कोपरापर्यंत, उन्हात. अंगठ्याची शाई अजून ओली होती आणि ती कागदाला किंवा लुगड्याला लागू नये म्हणून तिनं तो अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा, ताठ धरला होता. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो हात तसाच बाहेर होता.